ताजं आहे तोवर

सन १२५३. फ्रान्सचा राजा नववा लुई याचं पत्र घेऊन निघालेला रुब्रुकचा विल्यम हा फ्रान्सिस्कन साधू काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ मैदानात मंगोलांच्या छावणीत पोचला. तिथे त्याच्यापुढे घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं पेय आलं. त्याने आपल्या प्रवासवृत्तात प्रामाणिकपणे लिहून ठेवलं आहे, की पहिल्या घोटाला त्याला दरदरून घाम फुटला, कारण असलं काही त्याने जन्मात चाखलं नव्हतं. आणि लगेच पुढे हेही लिहिलं, की चव मात्र त्याला फार चांगली लागली. नंतर त्याने या पेयाचा बारकाईने अभ्यास केला. घोडीच्या दुधाच्या कातडी पिशव्या, ते घुसळण्याचा मोठा दांडा, पिताना जिभेला बसणारा चटका आणि प्यायल्यावर मागे राहणारी बदामाच्या दुधासारखी चव, सगळं त्याने टिपलं. मंगोलांविषयी युरोपला मिळालेल्या सुरुवातीच्या विश्वासार्ह माहितीत हा भाग आहे, आणि तो त्या घोटामुळे आहे.

परमुलखात गेलेल्या माणसाला गावकरी जे पेय देतात, त्यातून त्या मुलखाची शेती, हवामान, गुरंढोरं आणि माणसांचे आपसातले संबंध कळतात. जेवण शहरातल्या हॉटेलातही मिळतं. पण गावाचं आंबवलेलं पेय हॉटेलात क्वचित मिळतं, दुकानात त्याहून क्वचित, आणि विमानातून तर ते येतच नाही. असं का? या प्रश्नाचं उत्तर शोधायला मंगोलियापर्यंत जायची गरज नाही. मराठवाड्यातल्या एखाद्या स्वयंपाकघरात ते सापडतं.

वालूरच्या शिवारातली ज्वारी

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातलं वालूर आज बाहेरच्या जगाला माहीत आहे ते तिथल्या बारवांमुळे. त्यातल्या एका बारवेच्या पायऱ्या गोल फिरत खाली उतरतात, आणि तिच्यातला गाळ व झुडपं काढायला गावकरी श्रमदानाला उतरले होते. गावाभोवती मराठवाड्याची काळी, ओल धरून ठेवणारी जमीन आहे. पावसाळा सरता सरता रब्बी ज्वारी पेरायची आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर तिने कणसापर्यंत जायचं, हा या भागाचा जुना हिशेब. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारी निघते. दाणे माणसांना, कडबा जनावरांना. लगेच उन्हाळा लागतो, आणि परभणीचा उन्हाळा म्हणजे पारा चाळिशीच्या वर. त्या दिवसांत शेतावरून आलेल्या माणसाच्या हातात तांब्याभर आंबील ठेवली, की त्याला तहान आणि भूक दोन्हींवर उतारा मिळतो.

आंबील करायची रीत घराघरांत थोडी बदलते, पण गाभा एकच. संध्याकाळी ज्वारीचं पीठ पाण्यात किंवा आंबट ताकात सैलसर कालवून मडक्यात झाकून ठेवायचं. सकाळी झाकण उघडलं की वर बारीक बुडबुडे दिसतात आणि आंबूस वास येतो. मग पातेल्यात पाण्याला उकळी आणायची आणि ते पीठ बारीक धारेने सोडत दुसऱ्या हाताने पळी फिरवत राहायची. हात थांबला की गुठळी झालीच. पीठ शिजलं की त्याचा पांढुरका मातकट रंग बदलून त्याला किंचित चमक येते. ते खाली उतरवून पूर्ण गार होऊ द्यायचं. मग त्यात घुसळलेलं ताजं ताक, मीठ, ठेचलेला लसूण, जिरं, कोथिंबीर. काही घरांत हिरवी मिरची ठेचून घालतात, काही घरांत ज्वारीच्या पिठाऐवजी कण्या घेतात.

त्या रात्रभरात मडक्यात काय घडतं? ज्वारीच्या पिठावर आणि ताकात लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू आधीपासूनच असतात. ओल आणि ऊब मिळाली की ते पिठातल्या साखरेवर वाढतात आणि आम्ल सोडतात. मिश्रणाचा सामू उतरत उतरत साधारण ४ च्या आसपास येतो. एवढ्या आंबटपणात पोट बिघडवणाऱ्या बहुतेक जिवाणूंना वाढता येत नाही. दुसरा बदल पोषणाचा. ज्वारीत लोह असतं, पण दाण्यातलं फायटिक आम्ल ते धरून ठेवतं आणि शरीराला मिळू देत नाही. आंबवताना या फायटिक आम्लाचा काही भाग मोडतो आणि लोह, जस्त सुटे होतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेबरोबर काम करून २०१८ साली ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण दिला. त्याच्या किलोभर दाण्यात सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त असतं. दाण्यात लोह वाढवण्याचं काम शास्त्रज्ञांनी केलं. ते अंगी लागावं याची सोय आंबवण्याच्या रीतीत पिढ्यान्‌पिढ्या आहेच.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आंबण्याची क्रिया सुरू करता येते, पण घरच्या घरी हव्या त्या क्षणी थांबवता येत नाही; पीठ शिजवलं तरी वरून घातलेल्या ताकामुळे ती चालूच राहते. सकाळी छान आंबूस असलेली आंबील संध्याकाळी जास्त आंबट होते आणि उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी तोंडात धरवत नाही. म्हणजे एकदा मडकं भरलं की ते आज संपवावं लागतं. घरात चार माणसं असतील आणि मडक्यात दहा जणांची आंबील असेल तर शेजारी, सालगडी, वाटसरू यांना हाक मारण्यावाचून गत्यंतर नाही. साठवता येणारी वस्तू माणूस कुलपात ठेवतो. न टिकणारी वस्तू वाटून टाकावी लागते. जगभरच्या गावठी आंबवलेल्या पेयांभोवती पाहुणचाराच्या इतक्या रीती का जमल्या आहेत, याचं मोठं कारण या साध्या गोष्टीत आहे.

ज्वारीच्या माहेरी

ज्वारी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की ती परदेशातून आली यावर चटकन विश्वास बसत नाही. पण तिचं मूळ आफ्रिकेत आहे. पूर्व सुदानमध्ये मातीच्या भांड्यांवर उमटलेल्या दाण्यांच्या ठशांवरून तिथे पाच हजारांहून जास्त वर्षांपूर्वी ज्वारी माणसाळवली जात होती असं दिसतं. नाचणीही पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली. दोन्ही धान्यं समुद्र ओलांडून आपल्याकडे आली आणि आपली झाली.

सुदानमध्ये आजही ज्वारीचं एक आंबवलेलं पेय आहे, हुलु-मुर. रमजान जवळ आला की घराघरांत त्याचा खटाटोप सुरू होतो. ज्वारीला मोड आणतात, वाळवून दळतात, ते पीठ साध्या ज्वारीच्या पिठाबरोबर भिजवून मसाले घालून आंबवतात आणि तापलेल्या तव्यावर त्याचे कागदासारखे पातळ पापुद्रे काढतात. काम बायकांचं, आणि ते एकटीच्याने होत नाही. शेजारणी एकत्र बसतात आणि मोहल्लाभर त्याचा वास दरवळतो. वाळलेले तपकिरी पापुद्रे महिनाभर टिकतात. रोजा सोडायच्या आधी ते पाण्यात भिजवून, गाळून, साखर घालून प्यायला देतात. नशा आणणारं त्यात काही नसतं. न टिकणारं पेय टिकवण्याची ही हुशार युक्ती आहे. पण भिजवल्यावर तेही लगेच प्यावं लागतं.

आणि ते प्यायला कोण बसतं? सुदानच्या गावांमध्ये, विशेषतः गेझिरा भागात, रोजा सोडण्याच्या वेळेला पुरुष आपापल्या घरची ताटं घेऊन रस्त्याकडेला येतात आणि चटया अंथरतात. सूर्यास्ताच्या वेळी जाणाऱ्या बस आणि गाड्या हात करून, कधी रस्ता अडवून थांबवतात. प्रवाशाने उतरावं, दोन घास खावेत, हुलु-मुर प्यावं, मगच पुढे जावं असा आग्रह. प्रवासी कोणत्या देशाचा, कोणत्या धर्माचा हे विचारलं जात नाही. एप्रिल २०२३ पासून सुदान यादवीत होरपळला आहे, लाखो माणसं घर सोडून गेली आहेत. विस्थापित झालेल्या सुदानी कुटुंबांनी जिथे आसरा घेतला तिथेही हे पेय सोबत गेलं.

वालूरच्या माणसाला या चटईवर बसवलं तर भाषा, कपडे, प्रार्थना सगळं परकं वाटेल. पण पेल्यातली चव ओळखीची लागेल. पीक तेच, आणि त्याला आंबवण्याची बुद्धीही तीच.

आज ताजं आहे, याची खूण

जे पेय आजच संपवायचं आहे, ते आज तयार आहे हे लोकांना कळायला हवं. पेरू देशात कुस्कोजवळच्या खेड्यांतून जाताना काही घरांबाहेर लांब काठीच्या टोकाला लाल फडकं, कधी लाल प्लास्टिकची पिशवी बांधलेली दिसते. अर्थ असा, की या घरात मक्याची ताजी चिचा तयार आहे, या. मक्याला मोड आणून, शिजवून, आंबवून केलेलं हे पेय इंकांच्या राज्यात सणाला आणि सामूहिक कामाला लागायचं. कामावर आलेल्या माणसांना ते पाजणं हे राजाचं कर्तव्य होतं. आजही पहिला घोट घेण्याआधी चार थेंब जमिनीवर सांडतात. ते पाचामामाचे, म्हणजे धरतीमातेचे.

हे वाचताना लातूर-धाराशिवकडच्या माणसाला वेळा अमावस्या आठवल्याशिवाय राहणार नाही. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर, धाराशिव आणि लगतच्या भागातली कुटुंबं सकाळीच शेतात जातात. कडब्याची कोप उभारून पूजा होते. ज्वारीच्या आंबिलीचं मडकं शेतात येतं, रब्बीच्या पिकात आंबील शिंपडली जाते आणि मग पंगत बसते. भज्जी, बाजरीचे उंडे, खिचडा, भाकरी आणि वर हवी तेवढी आंबील. लातूर शहरातले रस्ते त्या दिवशी ओस पडतात आणि जिल्हा प्रशासन स्थानिक सुटी देतं. ज्याला शेत नाही त्याला कुणीतरी आपल्या शेतात बोलावतंच. ओळख नसलेला माणूस बांधावरून जाताना दिसला तरी त्याला हाक मारली जाते. धरतीला तिचा वाटा आधी द्यायचा आणि मग सगळ्यांनी मिळून प्यायचं, ही रीत पेरूच्या डोंगरात आणि मराठवाड्याच्या काळ्या रानात एकमेकांना न विचारता रुजली. दोन्हीकडे धान्य पिकवणाऱ्या माणसाला ठाऊक होतं, की मडक्यात जे आहे ते आधी जमिनीचं आहे.

शहरातही ताज्या पेयाची ही रीत टिकू शकते. इस्तंबूलच्या वेफा भागात १८७६ पासून बोझाचं एक दुकान चालू आहे. बोझा म्हणजे भरड धान्याचं घट्ट, आंबटगोड पेय, वर दालचिनीची पूड आणि सोबत भाजलेले फुटाणे. ते थंडीचं पेय आहे, कारण उन्हाळ्यात ते फार लवकर आंबतं. हिवाळ्याच्या रात्री खांद्यावर भांडी घेऊन गल्लोगल्ली बोझा विकणारे फेरीवाले ही इस्तंबूलची जुनी ओळख. ओरहान पामुक यांनी तर २०१४ साली आलेल्या एका कादंबरीचा नायकच असा बोझावाला केला.

एका मडक्याभोवती

पूर्व नेपाळच्या डोंगरात लिंबू समाजाच्या घरी गेलात तर तुमच्यापुढे लाकडी किंवा बांबूचं उंच भांडं येईल. त्यात पेय नसतं, आंबवलेले नाचणीचे दाणे असतात. यजमान त्यावर कढत पाणी ओततो, थोडा वेळ थांबायला सांगतो आणि मग बांबूच्या बारीक नळीने तुम्ही ते ओढायचं. नळीच्या तळाशी बारीक भोकं असतात, त्यामुळे दाणे तोंडात येत नाहीत. पाणी संपलं की पुन्हा पाणी. दाण्यांतला कस उतरेपर्यंत हे चालतं. या पेयाला तोंगबा म्हणतात. त्याला वेळ द्यावा लागतो आणि त्या वेळात आपोआप गप्पा होतात.

युगांडा आणि केनियाच्या सीमेवरच्या तेसो समाजात हीच नाचणी एका मोठ्या मडक्यात असते आणि भोवती बसलेली माणसं हातभर नव्हे, पुरुषभर लांब नळ्यांनी त्या एकाच मडक्यातून पितात. अधूनमधून कुणीतरी उठून गरम पाणी घालतं. इराकमधल्या प्राचीन सुमेरी मुद्रांवर साडेचार हजार वर्षांपूर्वीचं असंच चित्र कोरलेलं आहे: मध्ये घडा, दोन्ही बाजूंना बसलेली माणसं आणि घड्यात उतरलेल्या लांब नळ्या. वेगळे पेले भरून आपापल्या खोलीत प्यायला घेऊन जावं, ही कल्पना या पेयांच्या जन्माच्या वेळी नव्हतीच.

मंगोलियात आजही उन्हाळ्यात घोडीचं दूध खोखूर नावाच्या कातडी पिशवीत आंबतं. ते शेकडो वेळा घुसळावं लागतं. पिशवी दाराजवळ टांगलेली असते आणि आतबाहेर करणारा प्रत्येक जण दांडा चार वेळा हलवून जातो, पाहुणासुद्धा. युनेस्कोने २०१९ साली ही कला अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. पाहुण्याने आधी घुसळायचं आणि मग प्यायचं, हे मला फार मोलाचं वाटतं. त्यात पाहुणा नुसता घेणारा राहत नाही.

काय प्यावं, काय नाही

आंबवलेलं आणि भट्टीतून काढलेलं यांत प्रवाशाने स्वच्छ फरक केला पाहिजे. आंबील आणि हुलु-मुर यांत नशा नसते. बोझात मद्यार्क साधारण एक टक्का, घोडीच्या आंबवलेल्या दुधात दोन-तीन टक्के. चिचा आणि तोंगबा यांत त्याहून जास्त असू शकतो, म्हणून ज्यांना मद्य वर्ज्य आहे त्यांनी आधी विचारावं. भट्टीची दारू ही वेगळीच गोष्ट आहे. तिच्यात मिथेनॉल मिसळलेलं असेल तर ते रंगाने, वासाने किंवा चवीने ओळखता येत नाही. शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं, आधी दृष्टी जाते आणि मग जीव. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओसच्या वांग व्हिएंगमध्ये सहा परदेशी पर्यटक मिथेनॉलने दगावले. मोकळ्या बाटलीतली, घरगुती म्हणून दिलेली कडक दारू परमुलखात घेऊ नये. तिथे आग्रहाला बळी पडण्यात सौजन्य नाही.

दारूबंदीचा मानही राखावा. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत बंदी आहे, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत बायकांनी मतदान करून दुकानं बंद पाडली आहेत. ज्या बाईने घरातली दारू पाहिली आहे, तिच्या गावात प्रवाशाने ‘इथलं गावठी काय मिळतं’ असं विचारत फिरणं तिच्या लढ्याचा अपमान आहे.

आंबवलेल्या पेयाबाबत दोन प्रश्न पुरेसे असतात. हे आज केलेलं आहे का, आणि यात घातलेलं पाणी उकळलेलं होतं का? पीठ शिजवून केलेलं पेय जास्त सुरक्षित. पहिल्या दिवशी अर्धी वाटीच घ्यावी, कारण आपल्या पोटाला नव्या जिवाणूंची सवय नसते. मधुमेह, गरोदरपण किंवा औषधं चालू असतील तर नम्रपणे नाही म्हणावं. नकार देतानाही वाटी हातात घ्यावी, कपाळाला लावावी, यजमानाकडे पाहून हसावं. ही भाषा जवळजवळ सगळीकडे कळते. तिबेटी घरात छांग हे आंबवलेलं पेय घेताना अनामिकेने तीन थेंब हवेत उडवायचे असतात. न पिणाऱ्यालाही तेवढं करता येतं, आणि यजमानाला ते पुरतं.

आणि प्यायल्यावर लगेच उठू नये. हे पेय कोणत्या धान्याचं, पीक यंदा कसं आलं, आंबवायला किती वेळ लागतो, हे कुणाकडून शिकलात, असं विचारावं. बहुतेक ठिकाणी उत्तर देणारी बाई असेल, कारण जगभर हे ज्ञान बायकांच्या हातात राहिलं आहे. टांझानियात तोग्वा या ज्वारी-मक्याच्या आंबवलेल्या पेयाचा अभ्यास झाला तेव्हा ते पिणाऱ्या लहान मुलांच्या पोटात रोगकारक जिवाणू कमी आढळले. प्रयोगशाळेने ज्यावर शिक्का मारला ते त्या मुलांच्या आया आधीपासूनच करत होत्या.

आपण यजमान असतो तेव्हा

आपण बाहेर जातो तसे बाहेरचे लोकही आता आपल्याकडे येऊ लागले आहेत. वालूरची बारव पाहायला वास्तुकलेचे विद्यार्थी, छायाचित्रकार, कधी परदेशी पाहुणेही येऊ शकतात. अशा पाहुण्यापुढे आपण काय ठेवतो? खेड्यात आजकाल पाहुणा आला की पोराला दुकानात पिटाळून थंड पेयाची बाटली आणतात. त्यामागे प्रेमच असतं, आणि थोडा संकोचही, की आपली आंबील या माणसाला आवडेल का, ती गरिबाची तर वाटणार नाही ना.

हा संकोच सोडायला हवा. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरड धान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हा मोठ्या हॉटेलांच्या जेवणात ज्वारी आली, भाषणांत आली. पण ज्वारीचं सगळ्यात जिवंत रूप गावातल्या मडक्यात आहे आणि ते बाटलीत भरून दुसरीकडे नेता येत नाही. बाटलीतलं थंड पेय त्या पाहुण्याला त्याच्या गावीही मिळतं. वालूरची आंबील फक्त वालूरला, आणि ती केली त्याच दिवशी मिळते. म्हणून बारव पाहून वर आलेल्या माणसाला ओसरीवर बसवावं, पितळीत आंबील द्यावी, लसूण ठेचून वर घालावा आणि ज्वारी कोणत्या शेतातली आहे तेही सांगावं. विल्यमसारखा त्याला पहिल्या घोटाला घाम फुटला तरी हरकत नाही. दुसरी वाटी पुढे करायची.